बकुळताईंच्या मनगटावरचा चतुर

लग्न होऊन मी बनारसला दुर्गाघाटावर आले, त्याच आठवड्यात माझ्या नणंदेनं मला जवळ बसवून घेतलं, माझा हात ओढला आणि तळहातावर काहीतरी ठेवलं. मला वाटलं, अंगठी असेल, नाहीतर घरातलं जुनं काही. पाहिलं तर सहा पायांचा, मातकट रंगाचा किडा. मी किंचाळून हात झटकला.

"अगं, झटकू नकोस, टूटेल ना तो!" असं म्हणत बकुळताई चटईवर हात फिरवायला लागल्या. क्षणात त्यांना तो सापडला. चिमटीत धरून त्यांनी त्याच्यावर हलकेच फुंकर मारली. "घाबरतेस काय? रिकामा आहे तो. आतला केव्हाच उडून गेला."

मी मिरजेची. तिथे आमच्या परसातल्या हौदावर चतुर यायचे. काचेसारखे चार पंख, लांब शेपटी, हेलिकॉप्टरसारखे एका जागी तरंगणारे. पण हे चतुर लहानपणी पाण्याच्या आत राहतात, तिथेच मोठे होतात, एक दिवस पाण्याबाहेर येऊन दगडाला घट्ट धरतात, मग त्यांची पाठ उकलते आणि आतून पंखवाला चतुर बाहेर पडतो, हे मला त्या दिवशी बकुळताईंनी सांगितलं तेव्हा कळलं. मागे राहते ती कात. डोळ्यांचे फुगवटे, पायांची नखं, पाठीवरचे काटे, सगळं जसंच्या तसं, फक्त आत कोणी नाही.

बकुळताईंना जन्मापासून दिसत नाही. सातव्या महिन्यात झालेल्या, जेमतेम जगलेल्या. सासूबाई मी येण्याआधीच वारल्या होत्या. घरात सासरे विश्वेश्वरशास्त्री, माझे यजमान केयूर आणि बकुळताई. सासरे वेदपाठी. पुढच्या खोलीत सकाळ-संध्याकाळ त्यांचे विद्यार्थी संथा म्हणायचे. बकुळताई विद्यापीठाच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर. रोज सकाळी पांढरी काठी घेऊन गल्लीतून मैदागिनपर्यंत पायी, पुढे टोटोनं, म्हणजे बॅटरीच्या रिक्षानं, विद्यापीठाशेजारच्या लंका भागापर्यंत. गल्लीत सांड बसलेला असला तर त्याच्या श्वासावरून ओळखून बाजूनं जायच्या. कोणी हात धरायला आलं की म्हणायच्या, "भैया, आप अपना सँभालिए, आगे गोबर है." आणि खरोखरच पुढे शेण असायचं.

हा कातींचा नाद त्यांना लहानपणीच लागला. सासरे पहाटे स्नानाला घाटावर जात, तेव्हा छोट्या बकुळला खालच्या पायरीवर बसवत आणि एक हात तिथे बांधलेल्या नावेच्या फळीवर ठेवायला सांगत, म्हणजे पोर कुठे जाणार नाही. तिची बोटं काही स्वस्थ बसत नसत. एका उन्हाळ्यात त्या फळीला खाली, पाण्याच्या जरा वर, काहीतरी खरखरीत चिकटलेलं लागलं. सोडवून घेतलं तर पाय, डोकं, पोट. हलेना. नाव रामसूरत मल्लाहाची होती. तो म्हणाला, "हेलिकॉप्टर का खोल है, बिटिया. पानी से निकलता है, कपड़ा उतारता है और उड़ जाता है."

"मला तेव्हा फार नवल वाटलं," बकुळताई सांगायच्या. "पाखरं, फुलपाखरं, चतुर, सगळे म्हणायचे बघ किती सुंदर, आणि माझ्या हाताशी यायच्या आधीच ते गेलेले असायचे. हा एकच असा निघाला जो जाताना आपला पूर्ण आकार माझ्यासाठी ठेवून गेला."

तेव्हापासून त्या काती जमवत आल्या. मिठाईच्या पुठ्ठ्याच्या डब्यांत कापूस, कापसावर काती, डब्याच्या झाकणावर ब्रेलमधली पट्टी. वाळलेली कात बोटाच्या दाबानं मोडते, म्हणून त्या आधी ती कोमट पाण्यात भिजवायच्या. मऊ झाली की अनामिकेच्या टोकानं डोक्यापासून शेपटीपर्यंत जायच्या. फार बारीक काटे बोटाला कळत नसत, तेव्हा कात वरच्या ओठाला लावायच्या. ओठाला केसाएवढा फरक कळतो म्हणे. त्यांनी प्रकारांना आपली नावं ठेवली होती. पाठीवर दातेरी रांग असलेली ती करवत. लांब टांगांची ती बगळी. नाक खुपसून गाळात राहणारी ती नांगरी.

यावरून घरात एकदा मोठा खल झाला होता. सासऱ्यांचं म्हणणं, किड्यांची कलेवरं घरात, तीही पाठशाळेच्या शेजारच्या खोलीत, बरं नव्हे. बकुळताईंनी विचारलं, "बाबा, देवघरात शंख आहे ना? तोही कोणाचं तरी घर होतं." रात्री जेवताना सासरे म्हणाले, "शंखाचा दाखला चुकीचा नाही. डबे राहू देत. पण देवघराच्या भिंतीला लावू नका, आणि संथेच्या वेळी उघडू नका." तो नियम अजून चालू आहे.

मालविका देशकर आमच्या घरात आली ती टेलिफोनच्या तारेवरून. तिचे वडील बँकेतले, नागपूरचे, बदली होऊन बनारसला आले आणि इथेच राहिले. मुलगी प्राणिशास्त्रात संशोधन करत होती. एका दुपारी एक्स्चेंजला फोन लावून तिनं सिंधुदुर्गातला एक नंबर मागितला. पलीकडचा माणूस मराठी बोलणारा आणि लाईन खराब. मालविका ओरडून सांगत होती, "चतुर! चतुर दिसले का यंदा ओहोळावर?" लाईन तुटल्यावर बकुळताईंनी तिला परत फोन केला.

"मॅडम, नंबर पुन्हा लावते. पण आधी सांगा, कोणते चतुर?"

त्या दिवशी सिंधुदुर्गाला फोन पुन्हा लागलाच नाही म्हणतात. त्या रविवारी मालविका आमच्याकडे आली. तिशीची, केस आखूड, पायात जाड बूट, बोलताना अर्धं वाक्य मराठीत, अर्धं हिंदीत. बकुळताईंचे डबे ती एकेक उघडत गेली आणि तिचं बोलणं कमी होत गेलं. शेवटी म्हणाली, "बकुळताई, तुम्ही यांना नावं काहीही ठेवली असतील, पण डबे बरोबर लावलेत. एका डब्यात दोन जाती मिसळल्यात फक्त."

"कोणत्या?" बकुळताईंनी लगेच विचारलं.

मालविकानं दोन काती त्यांच्या हातात दिल्या आणि फरक कुठे आहे ते बोट धरून दाखवलं. बकुळताईंनी ओठाला लावून पाहिल्या आणि खुशीत हसल्या. "हा बघ, इतकी वर्षं ठगवत होता मला!" चूक सापडल्याचा एवढा आनंद मी कोणाला झालेला पाहिला नाही.

पुढच्या वेळी येताना मालविकानं एक छोटी डबी आणली. ती सह्याद्रीतल्या पावसाळी रानात काम करायची. तिथे डोंगरातून उतरणारे ओहोळ असतात, वर झाडांचं छत इतकं दाट की भर दुपारी खाली संधिप्रकाश. त्या ओहोळांवर राहणारे चतुर दुसरीकडे कुठे जगत नाहीत. डबीतली कात तिथली होती.

बकुळताईंनी ती भिजवली आणि अनामिकेचं टोक तिच्यावरून सावकाश फिरवलं. मग म्हणाल्या, "ही पिंपळाच्या पानासारखी चपटी आहे. मिशासुद्धा चपट्या. गंगेतला असा कोणी नाही. हा धारेत राहत असणार. पाणी अंगावरून निघून जावं म्हणून असा."

"हो. दगडांच्या खाली, कुजक्या पानांत. पण हा कोण आहे ते कोणालाच माहीत नाही."

"म्हणजे नवीन?"

"नवीन नसावा," मालविका म्हणाली. तिनं मलाही समजेल असं सांगितलं. त्या ओहोळावर काळे-पिवळे, शेपटीचं टोक गदेसारखं जाड असलेले बरेच चतुर उडतात. त्यांना नावं आहेत, चित्रं आहेत. पण त्यातल्या काहींचं पाण्यातलं पिल्लू कसं असतं ते कोणी पाहिलेलं नाही. उलट ही कात दर उन्हाळ्यात सापडते, पण तिच्यातून कोण उडालं ते ठाऊक नाही. "एका बाजूला बिनबाळपणाचे चतुर, दुसऱ्या बाजूला बिननावाचं पिल्लू. दोघांची गाठ घालायची तर याला बाहेर येताना पाहायला हवं. मी तीन उन्हाळे बसले. नाही दिसला."

"का नाही दिसला?"

"उघड्या दगडावर येतच नाही. तिथे शीळकरी कस्तूर पक्षी टपलेला असतो, मऊ चतुर मटकावतो. हा एका मोठ्या कातळाच्या पोटाखाली चढतो. समोर झाडाची मुळं लोंबतात. डोकं आत जात नाही. काठीला कॅमेरा बांधून पाहिला तर तुषारांनी काच धुरकट होते. टॉर्च लावला की पिल्लू पकड सोडून पाण्यात पडतं. फक्त हात जातो आत. हातानं काती काढून आणते, बस."

बकुळताईंनी कात कापसावर ठेवली. "मग तिथे डोळ्यांची गरजच काय? मला घेऊन चल."

मालविका हसली नाही, की "अहो तुम्ही कशा" असंही म्हणाली नाही. तिनं एवढंच विचारलं, "पाण्यात तासन्‌तास बसावं लागेल. पाय सुन्न होतात. बसाल?"

"एक्स्चेंजच्या खुर्चीत चोवीस वर्षं बसले आहे," बकुळताई म्हणाल्या.

सासऱ्यांना त्यांनी विचारलं नाही, सांगितलं. सासऱ्यांनी फक्त एक प्रश्न केला, "तिथे जवळ कोण असेल?"

"वैदेही."

"मग जा."

मी जाणार आहे हे मला असं कळलं.

मे महिन्यात आम्ही निघालो. गाड्या बदलत सावंतवाडीला उतरलो, तिथून जीपनं डोंगराच्या पायथ्याशी एका सुपारीच्या बागेत. बाग राखणारे प्रल्हाद गवस, पन्नाशीचे, किरकोळ अंगाचे. मालविकाचा तिथला सगळा आधार तेच, आणि एक्स्चेंजमधून लागणारा तो नंबर त्यांचाच. ओहोळापर्यंतची वाट त्यांनी कोयतीनं साफ करून ठेवली होती. बकुळताईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि चढायला लागल्या. मुळं आडवी आली की गवस नुसता खांदा किंचित उचलायचे आणि बकुळताई पाय उचलायच्या. दुसऱ्या वळणापर्यंत दोघांचं जमून गेलं.

त्या रानाचं वर्णन मला नीट करता येणार नाही. वर बघितलं तर आभाळ नाही, पानंच. खोडांवर शेवाळ, शेवाळावर नेचे. उन्हाचा एखादा कवडसा पाण्यावर पडलेला आणि त्या कवडशात निळ्या-हिरव्या पंखांची एक टाचणी, म्हणजे चतुराची नाजूक बहीण, उघडझाप करत बसलेली. मी ते सगळं बकुळताईंना सांगायला लागले. त्यांनी मला थांबवलं.

"जरा चूप बस ना. ऐकू दे. आपली गंगा बोलत नाही, नुसती सरकते. हा बघ कसा बडबड्या आहे."

कातळ जवळजवळ आमच्या न्हाणीघराएवढा होता. त्याच्या पोटाखाली पाण्याच्या वर दीड वीत अंधारी जागा, समोर मुळांचा पडदा. गवसांनी आधी काठी घालून सगळीकडून फिरवली. "हात घालूचो असलो तर मी सांगीन तेव्हाच," ते म्हणाले. "फुरसा नाय हां, पण आत कुर्ली असतली." कुर्ली म्हणजे खेकडा. बकुळताई कमरेएवढ्या पाण्यात एका सपाट दगडावर बसल्या, उजवा हात मुळांमधून आत घातला आणि तळवा कातळावर टेकवला. पिल्लू पाण्यातून चढेल तेव्हा हाताच्या आसपास कुठेतरी कळेल, असा हिशेब.

पहिल्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी गवसांची कुर्ली निघाली. तिनं बकुळताईंच्या अंगठ्याचा असा चावा घेतला की रक्त आलं. मालविका म्हणाली, आजचं पुरे. बकुळताईंनी अंगठा तोंडात घालून चोखला, हळदीची पट्टी बांधून घेतली आणि डावा हात आत घातला. "तिलाही बघता येत नाही अंधारात," म्हणाल्या. "तिची काय गलती?"

त्यांच्या पाठीला रग लागायची. मी मागे बसून पाठ टेकू द्यायची. दुपारी भाकरी आणि सुक्या खोबऱ्याची चटणी, तीही मी भरवायची, कारण हात काढायचा नाही. मी एकदा म्हटलं, "ताई, काढा हात थोडा वेळ. एवढ्यात काय होतंय?" त्या म्हणाल्या, "फोन नेमका तेव्हाच वाजतो, वैदेही, जेव्हा ऑपरेटर चहा प्यायला उठते."

चौथ्या दिवशी सकाळी, ऊन झाडांच्या शेंड्यांवर आलं होतं तेव्हा, बकुळताईंचा खांदा एकदम ताठ झाला.

"आला," त्या अगदी हळू म्हणाल्या.

"कुठे?" मालविका पुढे झुकली.

"करंगळीवर. पाय लागतायत. गार आहे. वर चढतोय."

मालविकानं फोनवर आवाजाची नोंद सुरू केली आणि तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून मुळांजवळ धरला. "बोलत राहा, बकुळताई. जे कळेल ते."

"हाताच्या पाठीवर आला... थांबला. पुन्हा चालतोय. मनगटाच्या हाडावर. नखं रुतवतोय. अगं, कसं धरलंय यानं! दगडच समजतोय मला."

"हलू नका."

"हलतेय कोण?"

मग खूप वेळ काही नाही. पाण्याचा आवाज तेवढा. माझ्या गुडघ्याला मुंगळा चावत होता आणि मी त्याला चावू दिलं. बकुळताईंच्या कपाळावर घाम आला होता, पाणी बर्फासारखं असून. त्या दर थोड्या वेळानं सांगत होत्या, वजन पुढे सरकलंय. वजन मागे गेलंय. काहीतरी मऊ चामडीला लागलंय, नखांसारखं नाही, नवे पाय असावेत. मग त्यांचा आवाज बदलला.

"मलमल," त्या म्हणाल्या. "ओली मलमल. मनगटाच्या दोन्ही बाजूंना. उलगडतेय."

मालविकाचे डोळे भरून आले होते. पण आता खरी अडचण होती. आत काय चाललंय ते फक्त बकुळताईंना कळत होतं, आणि कोण बाहेर आलंय ते फक्त मालविकाला ओळखता येणार होतं. हात लवकर बाहेर काढला तर ओले पंख मुळांना लागून फाटतील आणि तो चतुर कायमचा लुळा होईल. उशीर केला तर तो आतूनच भुर्रकन निघून जाईल आणि चार दिवस, तीन उन्हाळे, सगळं फुकट.

"मालविका, कधी काढू?"

"मी कसं सांगू? मला दिसत नाहीये."

"मलाही नाही," बकुळताई म्हणाल्या, आणि हात न हलवता खुदकन हसल्या.

"थेंब पडतात का बघा. पंख भरून झाले की जास्तीचं पाणी तो टाकून देतो."

आम्ही थांबलो. मग त्या म्हणाल्या, "पडला एक... दुसरा." थोड्या वेळानं, "बंद झाले. पंख अजून नरम आहेत पण ताठ राहतायत. आता. दोघी मुळं वर उचला. माझ्या हाताला कोणी धरू नका."

मी एका बाजूनं आणि मालविकानं दुसऱ्या बाजूनं तो मुळांचा पडदा वर उचलून धरला. बकुळताईंनी हात बाहेर घ्यायला सुरुवात केली. तो हात मी रोज पाहिलेला. कणीक मळताना, फोनचे आकडे दाबताना, ब्रेलवरून धावताना. पण तो इतका सावकाश हलताना मी कधी पाहिला नव्हता. कोपर बाहेर आलं. मग पुढचा हात, पाण्यानं पांढराफटक पडलेला. आणि मग मनगट. मनगटाच्या हाडावर ती पानासारखी चपटी कात घट्ट रोवलेली, आणि तिच्या पुढे, बकुळताईंच्या नाडीवर, एक चतुर. फिकट, दुधी, डोळे धुक्यासारखे, पंख इतके नवे की त्यांतून बकुळताईंच्या हाताच्या शिरा दिसत होत्या.

मालविकानं मुळं माझ्या हातात दिली आणि कॅमेरा उचलला. पाठीवरचे पट्टे, कुशीवरचे पट्टे, शेपटीच्या टोकाचे चिमटे. चिमटे चंद्रकोरीसारखे वाकलेले होते. "अरे देवा," ती पुटपुटली, "तू होय!" तो फार क्वचित दिसणारा, झाडांच्या शेंड्यांशी राहणारा एक चतुर होता. खाली पाण्यावर त्याला पाहिलेले लोक मोजके. त्याचं बाळपण या कातळाखाली जातं हे आजवर कोणाला माहीत नव्हतं.

"फरफरतोय," बकुळताई म्हणाल्या. त्याचे पंख थरथरू लागले होते. उडायच्या आधी ते अंग तापवतात तसे. ती थरथर मनगटातून थेट खांद्यापर्यंत येतेय, असं त्या म्हणाल्या. मालविकाची जाळी काठावर पडली होती. तिनं एकदा तिकडे पाहिलं. तेवढ्यात तो उठला, डगमगत वर गेला, एका कवडशात चमकला आणि पानांत दिसेनासा झाला.

"गेला," मी म्हटलं.

"माहिताय मला," बकुळताई म्हणाल्या. "मला आधी कळलं." मग त्यांनी मनगट तसंच धरून ठेवलं आणि मालविकाला म्हणाल्या, "कात सोडव आता. नीट, नखं टूटू देऊ नको. आणि वैदेही, मला सडकून भूक लागलीय."

एका वेळेवर शास्त्र विश्वास ठेवत नाही, असं मालविका म्हणाली, म्हणून आम्ही आणखी राहिलो. दुसरा चढला तो अर्ध्यावर पाण्यात पडला आणि वाहून गेला. त्या संध्याकाळी बकुळताई जेवल्या नाहीत, आपलाच हात हलला असेल असं घोकत राहिल्या. गवसांनी समजावलं, "बाय, असे रोज पडतत. माश्यांच्या पोटाकय व्हया ना?" पुढे आणखी दोघांनी त्यांच्या मनगटावर जन्म घेतला. त्यातला एक मालविकानं नमुना म्हणून ठेवला. बकुळताईंना तिनं आधी विचारलं. त्या म्हणाल्या, "ठेव. पण त्याला आधी मला लावू दे." मग त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण वाढलेल्या चतुराचे पंख ओठावरून फिरवले. त्यांवरच्या बारीक रेघा त्या सावकाश वाचत राहिल्या.

लेख छापून यायला दीड वर्ष लागलं. मालविकानं लेखात आपल्या नावाशेजारी बकुळ विश्वेश्वर आठल्ये हे नाव घातलं होतं. तिनं फोनवर सगळा लेख इंग्रजीत वाचून दाखवला. बकुळताईंनी विचारलं ते एवढंच, "आठल्ये बरोबर लिहिलंय ना? इथे लोक अठावले करतात." एका हिंदी वर्तमानपत्रानं बातमी दिली आणि चतुराऐवजी तितली, म्हणजे फुलपाखरू, लिहिलं. सासऱ्यांनी स्वतः त्यांच्या कचेरीत फोन करून ठणकावलं. ज्यांनी ते डबे देवघराच्या भिंतीला लावू दिले नव्हते, ते आता पूजेला बोलावणाऱ्या यजमानांना सांगायला लागले की चतुराचं पिल्लू आणि फुलपाखराचा सुरवंट यांत फरक काय.

विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात बकुळताईंना बोलायला बोलावलं, तेव्हा मी बरोबर होते. त्यांनी खुर्चीवर बसून, फोनवर बोलतात तशा शांत आवाजात, सगळं सांगितलं. शेवटी एका मुलीनं अगदी मनापासून विचारलं, "मैम, आपको दुख नहीं होता कि आपने उसे देखा नहीं?"

"होता था, बचपन में," बकुळताई म्हणाल्या. "लेकिन बेटा, वह मेरी नब्ज़ पर खड़ा होकर पहली बार काँपा है. अब दुख किस बात का करूँ?"

ती मुलगी नंतर आमच्याकडे दोन-तीनदा येऊन गेली. डोळ्यांना पट्टी बांधून काती ओळखायला शिकत होती. बकुळताई तिला मुळीच सवलत देत नव्हत्या.

आता एक्स्चेंजचं काम कमी झालंय. ज्यानं त्यानं खिशातला फोन काढावा आणि बोलावं. बकुळताईंना निवृत्तीला फार दिवस नाहीत. पण पोस्टमन दुर्गाघाटाची गल्ली चढून आमच्याकडे वारंवार येतो. कधी केरळातून, कधी मेघालयातून कोणीतरी काती पाठवतं, सोबत विनंती असते की जरा हात लावून सांगा. त्या सगळ्यांना उत्तर देतात. जे कळत नाही ते कळत नाही असं सांगतात.

काल अरुणाचलातून एक खोकं आलं. तिथल्याही रानातल्या ओहोळावरचं. बकुळताईंनी दोरी सोडली, वाटीत कोमट पाणी घेतलं आणि आतल्या खोलीतल्या खिडकीपाशी जाऊन बसल्या. पाठशाळेतली मुलं संथा आटोपून नुकतीच उठली होती. केयूर चहाचं विचारायला गेले, तर बकुळताईंनी वरच्या ओठाला काहीतरी लावलेलं होतं आणि दुसरा हात वर करून त्यांनी केयूरना दारातच थांबवलं.